डोळ्याचा दाब: नुसत्या आकड्यावर जाऊ नका

आपल्या आरोग्याच्या कार्यक्रमात आज आम्ही काचबिंदूबद्दल बोलणार आहोत. मोतीबिंदू आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ऑपरेशन करून नवं भिंग बसवतात आणि सासूबाईंना पुन्हा तांदळातले खडे दिसायला लागतात. काचबिंदूचं तसं नाही. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाते. या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. एकदा गेलेला तंतू परत येत नाही. गेलेली नजर ऑपरेशननेही परत मिळत नाही आणि औषधानेही नाही. उरलेली नजर मात्र राखता येते, म्हणून हा आजार लवकर सापडणं महत्त्वाचं.

अडचण अशी की बहुतेक काचबिंदू दुखत नाही. नजर आधी कडेने जाते, समोरचं नीट दिसत राहतं. बाई स्वयंपाक करते, शेतात जाते, पोथी वाचते. बाजूने आलेली सायकल दिसली नाही किंवा दाराच्या चौकटीला खांदा लागला, तर "लक्ष नव्हतं" म्हणून सोडून देते. आपल्या देशात काचबिंदू असलेल्या माणसांपैकी बहुतेकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नाही.

डोळ्यांच्या शिबिरात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "प्रेशर नॉर्मल आहे." ते ऐकून बाई निर्धास्त घरी येते आणि पुढची पाच वर्षं डोळ्यांकडे बघत नाही. दुसरं, "प्रेशर वाढलंय." ते ऐकून तिला रात्रभर झोप लागत नाही. आज आम्हाला एवढंच सांगायचं आहे की दोन्ही वेळेला तो एक आकडा पुरेसा नसतो. तो आकडा ज्या पापुद्र्यावरून मोजतात, तो पापुद्रा प्रत्येकीचा सारखा नसतो.

दाब कशाचा आणि मोजतात कसा

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. डोळ्याचा दाब वेगळा आणि रक्तदाब वेगळा. दंडाला पट्टा बांधून बीपी चांगला आला म्हणजे डोळ्याचा दाब चांगला असं समजू नका.

डोळ्याच्या पुढच्या भागात आतल्या आत थोडं थोडं पाणी सतत तयार होतं. हे अश्रू नव्हेत, ते बाहेर दिसत नाही. बुबुळाच्या कडेला कोपऱ्यात एक बारीक जाळी असते, तिच्यातून ते निघून जातं. न्हाणीच्या मोरीची जाळी तुंबली की पाणी साठतं, तसं ही वाट अडली की डोळ्यात दाब वाढतो. वाढलेल्या दाबाने मागची नस दबते. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान असला तर त्याला नेहमीचा दाब म्हणतात. हा पाऱ्याच्या मिलिमीटरमधला आकडा असतो. पण २१ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. २१ च्या खाली दाब असूनही अनेकांना काचबिंदू होतो, आणि २१ च्या वर असूनही कित्येकांची नस वर्षानुवर्षं चांगली राहते.

आता हा दाब मोजायचा कसा? डोळ्यात सुई घालून रोज कोणाचा दाब मोजता येणार नाही. म्हणून बाहेरून दाबून अंदाज घ्यावा लागतो. सायकलच्या चाकात हवा किती आहे हे आपण अंगठ्याने टायर दाबून बघतो ना, तसंच हे आहे. आता दोन सायकली समोर उभ्या आहेत असं समजा. एकीचं टायर नवं, जाड रबराचं. दुसरीचं झिजून पातळ झालेलं. दोन्हींत हवा सारखीच भरली आहे. अंगठा लावला तर जाड टायर कडक लागेल आणि पातळ टायर मऊ लागेल. हवा तीच, पण बोटाला कळतं ते वेगळं.

डोळ्याचं टायर म्हणजे पारपटल. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. घड्याळाच्या तबकडीवर जशी काच असते, तसं काळ्या बुबुळावर हे पारदर्शक पटल असतं. मरणोत्तर नेत्रदानात जे दुसऱ्याला बसवतात, ते हेच. मधोमध त्याची जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे शाळेच्या वहीची पाच-सात पानं एकावर एक ठेवली तर होईल एवढी. डॉक्टर ती मायक्रॉनमध्ये सांगतात. एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन होतात, म्हणून अर्धा मिलिमीटर म्हणजे ५०० मायक्रॉन.

दवाखान्यात डोळा बधिर करणारा थेंब आणि पिवळा रंग घालून, निळ्या दिव्याच्या उजेडात एक छोटी दांडी पारपटलाला टेकवतात, ती पाहिली असेल. हे यंत्र स्वित्झर्लंडमधले डॉक्टर हान्स गोल्डमान यांनी १९५०च्या दशकात तयार केलं. आजही जगभर दाब मोजण्याचं प्रमाण तेच मानतात. पारपटलाचा ३ मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त रुंदीचा भाग सपाट करायला किती जोर लागला, यावरून ते दाब सांगतं. पारपटल साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं असं धरून त्याचं गणित बसवलेलं आहे. जाडी फार वेगळी असेल तर आकडा चुकेल, याची कल्पना गोल्डमान यांनाही होती. पुढे १९७५ साली डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी काही डोळ्यांच्या आत बारीक नळी घालून खरा दाब मोजला आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिला. पातळ पारपटलावर यंत्र दाब कमी दाखवत होतं, जाड पारपटलावर जास्त दाखवत होतं. आपल्या दोन सायकलींचीच गोष्ट झाली.

शिबिरात पुष्कळदा हवेचं यंत्र असतं. हनुवटी टेकवा, समोर बघा, आणि फुस्स करून डोळ्यावर हवा येते. ते लवकर होतं, डोळ्याला काही टेकत नाही, गर्दीत चाळणी लावायला ते उपयोगी आहे. पण पारपटलाच्या जाडीचा परिणाम या यंत्रावर आणखी जास्त होतो. म्हणून हवेच्या यंत्रावर दाब जास्त आला तर तो टेकवायच्या यंत्रावर पुन्हा मोजून घ्यायचा असतो. एवढ्यावरून कोणी आयुष्यभराचे थेंब सुरू करायला सांगितले, तर आधी पूर्ण तपासणीचा आग्रह धरा.

दोघी जावांचं उदाहरण

नीट समजावं म्हणून एका घरातल्या दोघी जावा डोळ्यांपुढे आणू. थोरलीचा दाब आला २४. धाकटीचा आला १७. घरी चर्चा काय होईल? थोरलीला काचबिंदू, धाकटी सुटली.

मग मोठ्या दवाखान्यात पारपटलाची जाडी मोजली. थोरलीची निघाली ६१० मायक्रॉन, म्हणजे चांगली जाड. धाकटीची ४७०, म्हणजे पातळ. आता चित्र बदललं. थोरलीचा खरा दाब २४ पेक्षा कमी असण्याची शक्यता आहे. तिची नस चांगली असेल, बाजूची नजर शाबूत असेल, तर डॉक्टर कदाचित थेंब न देता ठरावीक दिवसांनी पुन्हा बोलावतील. धाकटीचा खरा दाब मात्र १७ पेक्षा जास्त असू शकतो. तिच्या डोळ्याच्या मागची नस खोलगट दिसत असेल, तिच्या वडिलांची नजर काचबिंदूने गेली असेल, तर काळजी तिची जास्त करायला हवी. नुसता आकडा बघून घरी पाठवलं असतं तर तीच सुटून गेली असती.

यात एकीचा पैसा आहे आणि दुसरीची नजर. काचबिंदूचे थेंब एकदा सुरू झाले की बहुधा कायमचे असतात. गरज नसताना दर महिन्याला बाटली घ्यायची म्हणजे घरात कशाला तरी कात्री लागते. आणि गरज असताना ते सुरू झाले नाहीत, तर जे जातं ते कितीही पैसे टाकून परत येत नाही.

आता एखादी हुशार मैत्रीण विचारेल, मग जाडी मोजून आकडा दुरुस्त करून घ्यावा की. तेल घेताना आपण आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो, तसं जाडीचं वजा करून खरा दाब काढावा. प्रश्न बरोबर आहे. अशी कोष्टकं निघालीही होती, दर दहा मायक्रॉनला इतका दाब कमी-जास्त धरा असं सांगणारी. पण एका कोष्टकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. कारण नुसती जाडी सगळं सांगत नाही, पारपटल किती लवचिक आहे हेही लागतं. ज्वारीचं पीठ आणि गव्हाची कणीक सारख्याच जाडीची थापली, तरी बोटाने दाबल्यावर सारखी वागत नाहीत. पारपटलाचा हा लवचिकपणा मोजणारी यंत्रंही आता मोठ्या रुग्णालयांत आहेत. म्हणून जाणकार डॉक्टर जाडीवरून हिशेबाने नवा आकडा काढत नाहीत. पातळ, मध्यम की जाड, एवढं बघतात आणि बाकीच्या तपासण्यांबरोबर त्याचा विचार करतात.

पातळ पारपटलाचा अर्थ मोजमापापुरताच आहे असंही नाही. अमेरिकेत दाब जास्त पण नस चांगली अशा १,६३६ माणसांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. ज्यांचं पारपटल ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी होतं, त्यांना पुढे काचबिंदू होण्याचा धोका ५८८ पेक्षा जास्त जाडी असलेल्यांच्या तिप्पट दिसला. त्यानंतर पारपटलाची जाडी मोजणं हा काचबिंदूच्या तपासणीचा भाग झाला.

पण हे आकडे ऐकून घाबरू नका. ते तिकडच्या माणसांचे आहेत, आणि तेही आधीच दाब वाढलेल्यांचे. आपल्याकडे नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये तीस वर्षांवरच्या ४,७११ स्त्रीपुरुषांचे डोळे तपासून मोठा अभ्यास झाला. तिथे पारपटलाची सरासरी जाडी निघाली सुमारे ५१४ मायक्रॉन. म्हणजे आपल्याकडच्या माणसांचं पारपटल मुळातच थोडं पातळ. तुमच्या केसपेपरवर ५१५ लिहिलेलं असेल तर तुम्ही चारचौघींसारख्याच आहात. पारपटल पातळ असणं हा आजार नाही. ते खाण्यापिण्याने जाड होत नाही, चष्म्याच्या नंबरावरून कळत नाही आणि त्याला औषधही नाही. ती फक्त एक खूण आहे, डॉक्टरांनी आणि आपण लक्षात ठेवायची.

डॉक्टरांना न विचारता सांगायच्या गोष्टी

पारपटलाला काही झालेलं असेल तर दाबाचा आकडा भरवशाचा राहत नाही. म्हणून तपासणीला बसण्याआधी पुढच्या गोष्टी आपणहून सांगा.

डोळ्यात फूल पडलेलं असेल तर सांगा. ऊस तोडताना पात लागलं, भात झोडताना तूस गेलं, लहानपणी डोळा आला होता, आणि मग बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या जागी पारपटल ओबडधोबड असतं, तिथे टेकवून घेतलेला आकडा फसवू शकतो.

चष्मा घालवायचं लेसरचं ऑपरेशन झालं असेल तर नक्की सांगा. आता शहरात नोकरीला असलेल्या कितीतरी मुली लग्नाआधी ते करून घेतात. त्यात लेसरने पारपटल थोडं तासतात, म्हणजे ते पातळ होतं. पुढे आयुष्यभर त्या डोळ्याचा दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसण्याचा संभव असतो. आपल्या लेकीला, भाचीला हे सांगून ठेवा. ऑपरेशनचे कागद जपून ठेवायला सांगा, त्यात आधीची जाडी लिहिलेली असते.

डोळा लाल झाला म्हणून दुकानातून थेंब आणून घालत असाल तर बाटली सोबत न्या. त्यातल्या कित्येक बाटल्यांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली आणि खाज पटकन जाते, म्हणून बाई तीच बाटली महिनोन्‌महिने वापरते. स्टेरॉइडने काही जणांच्या डोळ्याचा दाब खरोखरच वाढतो आणि काचबिंदू होतो. हे यंत्राचं चुकणं नव्हे. डॉक्टरांनी दिल्याशिवाय आणि सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त असे थेंब घालू नका.

घरात आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर सांगा. दमा असेल तर सांगा, कारण काचबिंदूचे काही थेंब दम्याच्या माणसाला चालत नाहीत. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगा.

मोजताना काय करायचं? श्वास रोखू नका, डोळा घट्ट मिटू नका, गळ्याशी काही आवळलेलं असेल तर सैल करा. तपासणीच्या तोंडावर तांब्याभर पाणी एका दमात पिऊ नका. या सगळ्याने दाब तेवढ्यापुरता वाढतो. बधिर थेंबानंतर अर्धा तास डोळा चोळू नका, कारण खरचटलं तरी कळत नाही. आणि पिवळा रंग पदराने पुसू नका, डाग पडतो.

जाडी मोजायला काही सेकंद लागतात. बधिर केलेल्या डोळ्याला पेनासारखं एक टोक हलकेच टेकवतात. काही यंत्रं तर न टेकवता मोजतात. ही तपासणी बहुधा एकदाच पुरते, कारण मोठ्या माणसाची जाडी सहसा फारशी बदलत नाही. मधे डोळ्याचं ऑपरेशन किंवा आजार झाला नसेल तर दर खेपेला तिचे पैसे मोजायचं कारण नाही. मात्र एकदा मोजलेला आकडा हरवू देऊ नका.

डोळ्यांचं पासबुक

आपल्या बचत गटाचं पासबुक असतं. एका ओळीवरून गट कसा चालला आहे हे कळत नाही, चार वर्षांच्या नोंदी बघाव्या लागतात. डोळ्यांचंही तसंच आहे. दाब सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा असतो. म्हणून एक साधी वही करा. त्यात तारीख आणि वेळ लिहा, उजव्या आणि डाव्या डोळ्याचा दाब लिहा, तो हवेच्या यंत्राने मोजला की टेकवायच्या ते लिहा. पहिल्या पानावर पारपटलाची जाडी मोठ्या अक्षरात लिहा. दवाखाना बदलला, केसपेपर फाटला, तरी वही आपल्याजवळ राहते. लिहिता येत नसेल तर नातवाकडून किंवा आशाताईंकडून लिहून घ्या.

आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. "डॉक्टर, माझं पारपटल पातळ आहे की जाड?" "मागची नस बघितली का, कशी आहे?" "बाजूची नजर तपासायची गरज आहे का?" शेवटची तपासणी म्हणजे दिवा चमकला की बटण दाबायचं, ती. याशिवाय पाणी जाण्याची कोपऱ्यातली वाट उघडी आहे का, हेही डॉक्टर एक भिंग लावून बघतात. दाब, जाडी, नस, नजर आणि ही वाट, या पाचही गोष्टी मिळून काचबिंदू आहे की नाही ते ठरतं. प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. डोळा आपला आहे.

ही वाट एकदम बंद होण्याचा काचबिंदूचा एक प्रकार आहे, आणि तो आपल्या बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. त्यात डोळा खूप दुखतो, लाल होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात. दाब एकदम वाढल्याने पारपटलात पाणी भरून ते सुजतं, म्हणून ही कडी दिसतात. अशा वेळी पित्त झालं म्हणून घरी पडून राहू नका. त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखाना गाठा.

चाळिशी उलटली की डोळे एकदा पूर्ण तपासून घ्या. घरात काचबिंदू असेल तर त्याआधीच. ग्रामीण रुग्णालयातले नेत्र चिकित्सा अधिकारी दाब बघून पुढे पाठवू शकतात. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डोळ्यांचा विभाग असतो. आणि ज्यांचे थेंब चालू आहेत, त्यांनी आजचं ऐकून "आकडा खोटा असेल" म्हणत थेंब बंद करू नयेत. शंका असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, थेंब चालू ठेवूनच.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले की दहा मिनिटं काढा. कोणाच्या घरात काचबिंदू आहे, कोणी लाल डोळ्याची बाटली बारा महिने वापरते, कोणाच्या डोळ्यात फूल आहे, हे एकमेकींना विचारा. दर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जगभर काचबिंदू सप्ताह असतो. त्या सुमाराला चौघी-पाचजणी मिळून तपासणीला जाता आलं, तर गाडीभाडंही वाटून घेता येईल आणि सोबतही होईल. येताना प्रत्येकीच्या वहीत पहिल्या पानावर तो एक आकडा लिहून आणा.

एवढं बोलून आज आम्ही थांबतो. डोळे जपा, एकमेकींना जपा.